जुन्या ध्वनिमुद्रिका आणि नवे जीर्णोद्धारक

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणून काळ्या पाषाणास ऑइलपेंट फासणारे पंच आमच्याकडे गावोगाव आहेत. शेकडो वर्षांच्या शिळेवरील छिन्नीच्या खुणा त्यांच्या डोळ्यांना खुपतात. गुलाबी भिंत आणि पिवळा कळस पाहिला म्हणजे देवास नवे दिवस आले असे त्यांस वाटते. ह्याच पंचांचे भाऊबंद अलीकडे संगीताच्या प्रांतात शिरले आहेत. जुन्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणांवर नवे ठेके चढवावेत, त्यांची गती वाढवावी किंवा मंदवावी, त्यांत कृत्रिम घुमारा भरावा, आणि ह्या उद्योगास ‘रीमिक्स’, ‘रिव्हायव्हल’, ‘रीमास्टर’ अशी भारदस्त नावे देऊन माल बाजारात मांडावा, हा त्यांचा व्यवसाय होय. १९९० नंतरच्या दशकात कॅसेटींवर ‘झंकार’ हा शब्द छापून हाच माल खपविला जात असे. माध्यम बदलले, मालाची जात बदलली नाही.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. जुने गीत कोणी नव्याने गावे, त्यास नवा वाद्यमेळ द्यावा, ह्यास आमची हरकत नाही. आमची हरकत एका विशिष्ट कृत्यास आहे: दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर आपली अक्षरे गिरवावयाची, ती गिरवलेली प्रत मूळ प्रतीच्या नावाने विकावयाची, आणि मूळ प्रत हळूच मागे सारावयाची. ह्यास जीर्णोद्धार म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे.

हा प्रश्न हवेत चर्चिण्यापेक्षा एखादे स्थळ डोळ्यांपुढे ठेवून चर्चिणे बरे, आणि त्या कामी मालाडाइतके सोयीचे स्थळ आम्हांस दुसरे दिसत नाही. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही संस्था स्थापिली ती येथेच. फ्रान्झ ऑस्टेन हे दिग्दर्शक आणि योझेफ वीर्शिंग हे छायालेखक जर्मनीहून येऊन ह्या उपनगरात राहिले. अशोककुमार, दिलीपकुमार, मधुबाला ही नावे येथून देशभर गेली. १९५४ च्या ‘बादबान’नंतर संस्थेचे काम थांबले. मालाड पश्चिमेस त्या आवारास आजही बॉम्बे टॉकीजचेच नाव आहे, पण आत छोटे कारखाने आणि गोदामे नांदत आहेत. ज्यास स्टुडिओ पाहावयाचा असेल त्यास पडझडीखेरीज फारसे काही पाहावयास मिळणार नाही. इमारत गेली, आवाज तेवढा उरला. आणि त्या उरलेल्या आवाजावरच नव्या पंचांनी आता परात आणि फावडे रोखले आहे!

तो आवाज कसा निर्माण झाला हे ठाऊक असल्यावाचून त्याची हानी म्हणजे काय हे कळावयाचे नाही. संस्थेच्या पहिल्या संगीतकार सरस्वतीदेवी. मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शिकलेल्या. पारशी घरातील स्त्रीने सिनेमात जावे हे त्यांच्या समाजातील अनेकांस रुचले नाही, मोठा गहजब झाला, आणि त्यांस नाव बदलून काम करावे लागले. १९३६ च्या ‘अछूत कन्या’मध्ये देविकाराणी आणि अशोककुमार यांनी आपापली गीते स्वतःच गाईली. अशोककुमार काही गवई नव्हते. त्यांचा आवाज पातळ आणि किंचित बुजरा. भातखंड्यांच्या ह्या शिष्येने तो दोष झाकला नाही, तर त्याच्या बेताची चाल बांधली. थोडे स्वर, छोटे टप्पे, मधे मोकळी जागा. तरुण प्रेमिकाचा संकोच पडद्यावर जो दिसतो, तो ह्या बुजऱ्या आवाजातूनच आपल्या कानी येतो. आता विचार करा. स्वर बरोबर ठिकाणी खेचून बसविणारी यंत्रे आज कोणाही हौशी तरुणाच्या संगणकात असतात. अशा यंत्रातून अशोककुमारांचा आवाज काढला तर तो ‘सुधारेल’ ह्यात शंका नाही, आणि सुधारल्याबरोबर तो कोणा तरी दुसऱ्याचा होईल.

ह्याहूनही बोलके उदाहरण १९४९ च्या ‘महल’चे आहे. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, गीतकार नक्षब जारचवी, आणि गाणारी मुलगी विशीच्या उंबरठ्यावरची लता मंगेशकर. ज्या गीताने ह्या चित्रपटास अमर केले त्याचा विषयच मुळी दुरून येणारा आवाज हा आहे. ओस पडलेला वाडा, आणि कोठून तरी कोणी तरी गात जवळ येत आहे. आज एक कळ दाबली की हव्या तेवढ्या दुरीचा भास निर्माण करता येतो. त्या काळी ती सोय नव्हती. तेव्हा युक्ती अशी काढण्यात आली की, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवावा आणि गायिकेने दूरच्या कोपऱ्यापासून गात गात, पावलापावलाने त्याच्याकडे यावे. लताबाईंनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. मायक्रोफोनशी पोहोचण्याचा आणि मुख्य गीतास आरंभ होण्याचा क्षण एक यावा, ह्यासाठी किती वेळा चालावे लागले असेल ह्याची कल्पना करावी. म्हणजे त्या मुद्रणात आपण केवळ एक कंठ ऐकत नाही; एका खोलीची लांबी ऐकतो, आणि ती लांबी पायांनी तोडणारी एक तरुण मुलगी ऐकतो.

आता जीर्णोद्धारक काय करतात ते पाहा. प्रथम खरखर काढतात. लाखेच्या तबकडीवर सुईची खरखर असते हे खरे, आणि ती बेताने कमी करण्यास कोणी दोष देणार नाही. पण हावरेपणाने काढू गेल्यास तिच्याबरोबर श्वास, शब्दांतील सकार-शकारांची धार आणि खोलीची हवा हीही निघून जातात, आणि गायिका जणू कापसात गुंडाळून ठेवली आहे असा भास होतो. मग मोठ्या आवाजास दाबून आणि लहान आवाजास फुगवून सर्व गीत एका पातळीस आणतात, कारण बाजारात जो मोठ्याने ओरडेल त्याचाच माल खपतो अशी त्यांची श्रद्धा! झाले, दूर आणि जवळ ह्यांतला भेदच पुसला गेला. जी मुलगी कोपऱ्यातून चालत आली तिला ह्यांनी पहिल्या अक्षरापासूनच मायक्रोफोनच्या तोंडाशी उभी केली. आणि एवढे झाल्यावर, गीत ‘गूढ’ वाटावे म्हणून, वरून कृत्रिम घुमारा! खरे अंतर खोडून खोटे अंतर विकत घेण्याचा हा व्यवहार कोणत्या शास्त्रात बसतो हे त्यांचे त्यांस ठाऊक.

ठेक्याविषयी तर बोलावयासच नको. त्या गीताच्या आरंभी ताल नाही. शब्द अधांतरी तरंगत येतात, आणि ताल सुरू होतो तेव्हा पाय जमिनीस लागल्यासारखे वाटते. जो पहिल्या क्षणापासून ढोल वाजवितो त्याने हे गीत ऐकलेले नाही, असेच आम्ही म्हणू.

येथे कोणी म्हणेल, युरोप-अमेरिकेत हेच चालले आहे, आणि तेथील रसिक त्याचे स्वागत करतात. मग तुम्हीच एवढे नाक का मुरडता? ह्या आक्षेपाचा समाचार घेणे अवश्य आहे, कारण पश्चिमेचे नाव घेऊन आमच्याकडे पुष्कळ वाईट माल खपतो. बीटल्स ह्या इंग्रज मंडळीचा ‘सार्जंट पेपर’ हा १९६७ चा रॉक संगीताचा प्रसिद्ध संग्रह २०१७ साली नव्या मिश्रणासह निघाला. परंतु तेथे ‘मिश्रण’ शब्दाचा अर्थ काय आहे? मूळ मुद्रण चार पट्ट्यांच्या फितीवर झाले होते. गाणे, तंतुवाद्ये, ढोल निरनिराळ्या पट्ट्यांवर. चार पट्ट्या भरल्या की त्यांचे एकत्रीकरण करून दुसऱ्या फितीवर उतरवीत आणि पुढील वाद्यांस जागा करीत. दर उतरणीत आवाज थोडा मळे. मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी न मळलेल्या आधीच्या फिती मिळवून त्यांवरून नवे मिश्रण केले. त्यास कारणही होते: १९६७ साली त्या मंडळींनी आपले सारे लक्ष एककर्णी मिश्रणावर दिले होते आणि द्विकर्णी मिश्रण त्यांच्या गैरहजेरीत घाईने उरकले गेले होते. नव्या मिश्रणावर मिश्रण करणाराचे नाव आहे, साल आहे. आणि त्याच्या मोठ्या संचात १९६७ चे एककर्णी मिश्रणही शेजारी दिलेले आहे. ज्यास जे हवे ते त्याने ऐकावे. एवढे असूनही तेथील जाणते श्रोते ह्या नव्या मिश्रणांवर हिरीरीने भांडतात, आणि भांडू शकतात. कारण तुलनेस मूळ प्रत हाताशी असते.

बॉम्बे टॉकीजच्या गीतांस अशा पट्ट्या नव्हत्या. गायक, वाद्ये, खोली, सारे एकदम एकाच रेघेत उतरले. भात शिजल्यावर त्यातून तांदूळ आणि पाणी वेगळे करता येत नाही, तशीच ही गोष्ट आजवर होती. म्हणून आमच्याकडील ‘मिश्रण’ म्हणजे वास्तविक भर घालणे होय. तोल सुधारणे नव्हे, कारण तोल हलविण्याजोगे सुटे असे काही हाती नव्हतेच. आणि ही भर घालणाराचे नाव शोधू गेल्यास ते सापडेल तर शपथ! पश्चिमेकडून आम्ही ढोल तेवढा उचलला. नाव, साल आणि शेजारची मूळ प्रत मात्र तेथेच ठेवून आलो.

‘आजवर’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला. एकजीव झालेल्या मुद्रणातून कंठ आणि वाद्ये वेगळी करणाऱ्या आज्ञावली आता तयार झाल्या आहेत. त्याच मंडळींच्या ‘रिव्हॉल्व्हर’चे २०२२ सालचे मिश्रण अशाच साधनाने सिद्ध झाले. उद्या कोणी ‘महल’च्या गीतातून लताबाईंचा कंठ सोलून काढील आणि तो वाटेल त्या वाद्यमेळावर चिकटवील, कदाचित कोणी काढलाही असेल. पण ती चालत आल्याची दुरी कंठातच मुरलेली आहे, तिला कोठे ठेवणार? वाद्ये आपल्या कानाशी आणि गायिका पलीकडच्या खोलीत, असा विचित्र संसार होईल. मग तो दिसू नये म्हणून पुन्हा रंगरंगोटी. २०२४ साली तर दोन दिवंगत गायकांचा आवाज यंत्राकडून घडवून एका तमिळ चित्रपटात वापरण्यात आला. संगीतकार रहमान यांनी कुटुंबीयांची संमती घेतली, मोबदला दिला आणि तसे जाहीरही केले, म्हणून त्या प्रकरणात निदान उघडेपणा होता. त्याच वर्षी आपला आवाज यंत्राने नकलणाऱ्यांविरुद्ध अरिजित सिंह यांस मुंबई उच्च न्यायालयातून संरक्षण मिळाले. जो हयात आहे त्यास न्यायालयाचे दार ठोठावता येते. खेमचंद प्रकाश १९५० साली गेले, सरस्वतीदेवी १९८० साली. त्यांनी कोणाचे दार ठोठवावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बहुधा संगीत जाणणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, आमचे संगीत मौखिक परंपरेचे. येथे मूळ प्रत अशी वस्तूच नाही. तीच चीज दर गवई निराळी गातो, नाट्यपदे पिढ्यान्‌पिढ्या नव्या गळ्यांतून फिरत आली, मग एका तबकडीचे एवढे सोवळे कशाला?

आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, आणि तोच आमच्या बाजूचा आहे. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी बालगंधर्वांची पदे गाईली. गळा भाट्यांचा, नाव भाट्यांचे; बालगंधर्वांच्या तबकड्यांस त्यामुळे ओरखडाही गेला नाही. १९३६ च्या ‘जीवन नैया’त अशोककुमारांनी गाइलेले एक गीत त्यांचे धाकटे बंधू किशोरकुमार यांनी १९६१ च्या ‘झुमरू’मध्ये पुन्हा गाइले आणि थोरल्यापेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय केले. ह्यास आम्ही रीमिक्स म्हणत नाही, गायन म्हणतो. (‘झुमरू’चे संगीतकार म्हणून नाव मात्र किशोरकुमारांचे लागले, आणि ती चाल मालाडातल्या एका पारशी बाईंची होती हे आज किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न राहतोच.) गवई गुरूची चीज गातो तेव्हा तो गुरूच्या तोंडात आपला आवाज घालीत नाही. मौखिक परंपरेचा आधार घ्यावयाचा असेल तर स्वतःच्या मुखाने गावे. यंत्राने दुसऱ्याच्या मुखावर ढोल बांधणे ही परंपरा कोणत्या घराण्याची, ते आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

शिवाय, जेथे आमच्या परंपरेस लिखित प्रत मिळाली, तेथे तिने प्रतीच्या शुद्धतेविषयी केवढी दक्षता बाळगली आहे! ज्ञानेश्वरीत पाठांतराच्या आणि लेखकांच्या हातून भेसळ झालेली पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली. आणि जाताजाता असा इशाराही देऊन ठेवला की, ह्या ग्रंथात आपली ओवी घुसडणे म्हणजे अमृत वाढलेल्या ताटात नारळाची करवंटी आणून ठेवणे होय. ध्यानात घ्यावे की, असे सांगणारा पुरुष स्वतः थोर कवी होता. त्यास ओव्या सुचत नव्हत्या असे नाही. त्या त्याने आपल्या भागवतात घातल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिची शिस्तही अशीच आहे. मागाहून शिरलेले श्लोक त्या पंडितांनी जाळून टाकले नाहीत. रेघेच्या खाली, तारांकित करून, अथवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत सापडले त्याच्या नोंदीसह ते छापले. आम्ही रीमिक्सवाल्यांस ह्याहून अधिक कडक शिक्षा मागत नाही. त्यांनी रेघेच्या खाली बसावे.

‘पण तरुण मंडळी जुने ऐकत नाहीत, ठेका लावला की ऐकतात, आणि मग मुळाकडे वळतात,’ हा युक्तिवाद आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्यास आता उत्तर देण्याचा कंटाळा येतो. २००२ साली ‘समाधी’ ह्या १९७२ च्या चित्रपटातील लताबाईंनी गाइलेल्या एका गीताचे रीमिक्स घरोघर वाजले. ते ऐकणाऱ्यांपैकी किती जण राहुल देव बर्मन यांच्या मूळ रचनेकडे वळले, ह्याचा हिशेब विक्रेत्यांनी कधी मांडला नाही. आमच्या घरातील मुलांविषयीचा आमचा अनुभव तर उलट आहे: ‘अछूत कन्या’ आहे तशी ऐकविली तर ती पाच मिनिटे हसतात, आणि सहाव्या मिनिटास गप्प बसून ऐकू लागतात. मुलांच्या कानांविषयी मोठ्या माणसांनी बाळगलेला हा अविश्वास मुलांच्या अरसिकतेपेक्षा मोठ्यांच्या आळसाचा द्योतक आहे.

कायद्याची स्थिती तर मौजेची आहे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन असे ठरले की, जुने गीत नव्याने गाऊन त्याची मुद्रिका काढणाऱ्याने पाच वर्षे थांबावे, रचनेत नको ते फेरफार करू नयेत, ही नव्याने केलेली मुद्रिका आहे असे वेष्टनावर छापावे, आणि लोकांची दिशाभूल होईल अशा रीतीने मूळ गायकाचे नाव वा चित्र वापरू नये. नियम उत्तम! पण तो लागतो कोणास? जो बिचारा स्वतःच्या गळ्याने गातो त्यास. जी कंपनी आपल्याच मालकीच्या जुन्या मुद्रणावर ढोल चढविते, तिला हे बंधन नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. त्या हिशेबाने १९४९ च्या तबकडीवरील हक्क २००९ च्या अखेरीस संपला, आणि आता त्या ध्वनीवर कोणीही हात चालवावा अशी स्थिती आहे. घर बांधणाऱ्यास परवाना लागतो आणि दुसऱ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिणाऱ्यास लागत नाही, तशातला हा प्रकार. लताबाईंनी २०१८ साली जुन्या गीतांच्या विद्रूपीकरणाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. वृत्तपत्रांनी ती छापली, आणि दुसऱ्या दिवशी बाजार पूर्ववत् सुरू झाला.

तेव्हा कायद्याची वाट न पाहता प्रकाशकांनी आणि श्रोत्यांनी काय करावे? मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. अशा संग्राहकांच्या घरी लाखेच्या तबकड्या जिवापाड जपलेल्या असतात. पुनःप्रकाशन करणाऱ्याने प्रथम अशा उत्तम तबकडीवरून, योग्य गतीने, शक्य तितकी कमी ढवळाढवळ करून प्रत उतरावी आणि ती कायम उपलब्ध ठेवावी. नंतर त्यास ढोल वाजवावयाचा असेल तर खुशाल वाजवावा, निराळ्या नावाने. श्रोत्यांनी हे मागावयास हवे. धान्य घेताना खडे पाहणारी आमची गृहिणी गाणे घेताना काहीच पाहत नाही, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते.

आणि नावाचे महत्त्व मालाडच्या ह्या गीतांच्या बाबतीत तरी कोणी क्षुल्लक लेखू नये. ‘महल’ची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातील पात्राचे नाव! रेडिओवर गीत वाजू लागल्यावर श्रोत्यांनी पत्रांचा भडिमार केला, ही कामिनी कोण म्हणून. तेव्हा कोठे लता मंगेशकर हे नाव लोकांस कळले. सामान्य श्रोत्यांनी टपालाने मिळविलेले ते नाव आज जीर्णोद्धारकांच्या याद्यांत पुन्हा धूसर होत आहे. गीताखाली मुद्रणाचे साल म्हणून पुनःप्रकाशनाचे साल झळकते, संगीतकाराच्या जागी ठेका लावणाराचे टोपणनाव येते, खेमचंद प्रकाश गळतात. आमची मागणी मोजक्या शब्दांची आहे: चित्रपट ‘महल’, साल १९४९, संगीत खेमचंद प्रकाश, गीत नक्षब जारचवी, गायिका लता मंगेशकर, मूळ तबकडीवर नाव ‘कामिनी’, आणि त्याखाली, भर घातली असेल तर ती कोणी, केव्हा व कशाची घातली ते. इतका मजकूर मावेल एवढी जागा मोबाइलच्या पडद्यावर नाही, असे उत्तर आम्हांस एका विक्रेत्याने दिले. त्याच पडद्यावर त्या वेळी दंतमंजनाची जाहिरात चालली होती.